बायपासमधली धमनी आखडू नये म्हणून: नव्याने ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आलेल्यांसाठी

छाती उघडून, डावी बाजू रिट्रॅक्टरने उचलून लिमा, म्हणजे बायपाससाठी हृदयावर जोडायची छातीच्या भिंतीतली धमनी, सोडवायला घेतली, की पहिली काही मिनिटं ती छान उडत असते. गुलाबीसर, भरलेली, प्रत्येक ठोक्याला हलणारी. अर्ध्या तासाने तीच धमनी पूर्ण सुटून हातात येते तेव्हा कधी कधी ओळखू येत नाही. पांढरीफटक, दोऱ्यासारखी बारीक, आणि टोक कापलं तर धार लागायच्या ऐवजी रक्त थेंबथेंब येतं. आत गुठळी नसते, भिंत कुठे फाटलेली नसते. भिंतीतला स्नायू आवळला गेलेला असतो, इतकंच. यालाच आपण स्पॅझम म्हणतो.

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, स्पॅझम म्हणजे औषधाचा प्रश्न. पॅपॅव्हरिन मारलं की झालं. इतकी वर्षं हेच काम केल्यावर आज ठामपणे सांगतो, की औषध ही शेवटची पायरी आहे. धमनी आखडते ती बहुतेक वेळा आपल्या चिमट्याने, आपल्या कॉटरीने (विजेच्या उष्णतेने रक्त थांबवायच्या उपकरणाने) किंवा आपण टाकलेल्या गार सलाइनने. आणि औषधाचा गुण येत नाही तेव्हा ते चुकीच्या द्रवात मिसळलेलं असतं, गार असतं, किंवा त्याला वेळच दिलेला नसतो. म्हणून ओटीत ज्या क्रमाने गोष्टी घडतात त्याच क्रमाने लिहितो. मात्रा दिल्या आहेत त्या हिशेब समजावा म्हणून. प्रत्यक्ष टेबलावर तुमच्या विभागाचा लेखी प्रोटोकॉल आणि तुमच्या वरिष्ठांचा शब्द चालतो.

आधी धमनीचा स्वभाव ओळखा

सगळ्या धमन्या सारख्या आखडत नाहीत. लिमा, म्हणजे डावी इंटर्नल मॅमरी, हिच्या भिंतीत लवचिक तंतूंचे थरावर थर असतात आणि स्नायू त्या मानाने कमी. तिचं आतलं अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, नायट्रिक ऑक्साइडही भरपूर बनवतं. म्हणून ती मुळात समजूतदार. पण खालचं टोक वेगळं. सहाव्या बरगडीच्या आसपास ती दोन फाट्यांत विभागते, आणि त्या फाट्याच्या जवळ भिंतीत स्नायूचं प्रमाण वाढतं. स्पॅझम सुरू होतो तो बहुधा तिथून. लांबी पुरत असेल तर ते टोक कापून टाका आणि थोड्या वरच्या, रुंद भागावर जोड घ्या. कुठल्याही औषधापेक्षा हे जास्त काम करतं.

हाताची रेडियल धमनी याच्या उलट. तिच्यात स्नायूचा जाड पट्टा असतो. हात लावला की ती आक्रसते, गार लागलं की आक्रसते, रक्तात धमन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढलं तरी आक्रसते. जठराजवळची गॅस्ट्रोएपिप्लोइकही अशीच चिडकी. संशोधक ग्वो-वेई हे यांनी ग्राफ्टच्या, म्हणजे बायपासला वापरायच्या धमन्यांची जी वर्गवारी केली, तिचं सार हेच आहे: छातीच्या भिंतीची धमनी कमी आखडणारी, पोटातली आणि हातापायातली जास्त.

रेडियलचा इतिहास नवशिक्याने जरूर माहीत करून घ्यावा. १९७१ मध्ये पॅरिसमध्ये आलां कार्पांतिए यांनी ती बायपाससाठी वापरायला सुरुवात केली. दोन-तीन वर्षांतच ती इतकी बंद पडताना दिसली, की त्यांनीच ती सोडून द्यायचा सल्ला दिला. त्या काळी धमनी आखडली की आतून सळई किंवा दाबाने पाणी घालून ती रुंद करत. त्यात आतलं अस्तरच खरवडलं जायचं. पुढे दीड दशकाहून जास्त काळानंतर त्यातल्या काही जुन्या रुग्णांच्या अँजिओग्राफीत, बंद समजलेल्या रेडियल उघड्या सापडल्या. मग क्रिस्तॉफ आकार आणि सहकाऱ्यांनी पद्धत बदलली: भोवतालच्या शिरा-ऊतीसकट धमनी काढायची, आतून काहीही घालायचं नाही, औषधाने शिथिल करायची, आणि रुग्णाला कॅल्शियम रोखणारं औषध द्यायचं. १९९२ च्या त्यांच्या लेखानंतर रेडियल परत आली. धमनी तीच होती, वागणूक बदलली.

सोडवताना

लिमा उरोस्थीच्या कडेपासून साधारण सेंटीमीटरभर बाहेर, छातीच्या भिंतीच्या आतून खाली उतरते. दोन्ही बाजूंना तिच्या शिरा असतात. चिमट्याने धरायचं ते सोबतचं आवरण किंवा शीर. धमनी नाही. एकदाही नाही. ताण द्यायचा नाही. ओढलेली धमनी आखडतेच, आणि जास्त ओढली तर आतून चिरते.

फांद्यांना धमनीच्या बाजूला क्लिप लावा आणि छातीच्या भिंतीच्या बाजूला कॉटरी. कॉटरीची ताकद कमी ठेवा, टोक धमनीपासून लांब ठेवा, आणि एकाच जागी सेकंदसेकंद धरून बसू नका. धूर दिसतो तेवढीच उष्णता पसरते असं नाही, ऊतीतून ती धमनीपर्यंत आपसूक पोचते. धमनी एकटी सोडवायची, म्हणजे स्केलेटनाइज करायची पद्धत असेल तर ही काळजी दुप्पट, कारण मधे गादी म्हणून काहीच उरत नाही.

आणि गारवा. हृदय थंड करायला बर्फाचा चुरा वापरत असाल तर तो लिमाला टेकू देऊ नका. धुवायचं सलाइन कोमट असू द्या. सिस्टर नवीन असतील तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा, कारण ऐन वेळी जे भांडं जवळ असेल तेच हातात येतं.

टोक कापण्याआधी हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, गेलेलं हवं. भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून ते मोठ्याने ऐकून घ्या, मगच कात्री. कापल्यावर टोकाला क्लिप लावून धमनी तशीच राहू दिली, तर रुग्णाच्या स्वतःच्या रक्तदाबाने ती आतून हळूहळू फुलते. बाहेरून औषध आणि आतून ठोक्याठोक्याचा दाब. याहून सौम्य आणि याहून चांगलं फुलवणं मला माहीत नाही.

द्रावण बनवताना

इथे घाई होते आणि इथेच चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर.

पॅपॅव्हरिन हे सगळ्यांच्या ओळखीचं. अफूपासून मिळणारं, पण नशा न आणणारं रसायन. पेशीतला फॉस्फोडायएस्टरेज रोखून ते सायक्लिक एएमपी आणि सायक्लिक जीएमपी वाढवतं, आणि स्नायू सैल पडतो. आखडण्याचं कारण कुठलंही असो, ते थोडंफार काम करतं, हा त्याचा मोठा गुण. सहसा एका अँप्यूलमध्ये मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम असतं. ६० मिलिग्रॅम औषध घेऊन एकूण ६० मिलिलिटर द्रावण केलं, की मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. हिशेब तोंडी करता येतो, चूक होत नाही.

आता त्याचा दोष. पॅपॅव्हरिनचं इंजेक्शन आम्लधर्मी असतं. सलाइनमध्ये मिसळलं तरी ती आम्लता पुरती जात नाही, कारण सलाइनमध्ये आम्ल पचवणारं काहीच नसतं. असं द्रावण धमनीच्या आत भरलं तर अस्तराला इजा होते. रुग्णाच्याच हेपारिनयुक्त रक्तात मिसळलं तर रक्त ती आम्लता सांभाळून घेतं. म्हणून धमनीच्या आतल्या अस्तराला औषध लागण्याची शक्यता असेल, तर मी रक्तच निवडतो.

दुसरी गोष्ट कायम लक्षात ठेवा: पॅपॅव्हरिन रिंगर लॅक्टेटमध्ये घालायचं नाही. साका तयार होतो. मी नवीन असताना एका केसमध्ये, नाव नको, वाटीतलं द्रावण दुधाळ दिसलं आणि आम्ही सगळ्यांनी ते दिव्याचा उजेड पडल्यामुळे तसं दिसतंय असं समजून पुढे नेलं. नशिबाने ते गॉजवरच लागलं, धमनीच्या आत गेलं नाही. तेव्हापासून कुठलंही द्रावण असो, पारदर्शक वाटी उचलून उजेडासमोर धरतो. गढूळ दिसलं, तंतू दिसले, कण दिसले, की फेकायचं आणि नवं बनवायचं. औषधाचे पैसे गेले तरी चालतील.

दुसरा मार्ग नायट्रोग्लिसरीन आणि व्हेरापामिल एकत्र वापरण्याचा. यामागचा विचार मला फार आवडतो. नायट्रोग्लिसरीन पटकन लागू पडतं, पण लवकर ओसरतं. व्हेरापामिल स्नायूत शिरणारं कॅल्शियम अडवतं. ते सावकाश सुरू होतं आणि जास्त वेळ टिकतं. एक दार उघडतं, दुसरं ते उघडं धरून ठेवतं. ग्वो-वेई हे यांच्या गटाने १९९० च्या दशकात दिलेलं मिश्रण असं: रिंगर द्रावण ३०० मिलिलिटर, व्हेरापामिल ५ मिलिग्रॅम, नायट्रोग्लिसरीन २.५ मिलिग्रॅम, हेपारिन ५०० युनिट, आणि ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट ०.२ मिलिलिटर. पीएच ७.४ च्या आसपास येतो, म्हणजे रक्ताइतकाच. अस्तराला न दुखावणारं द्रावण हवं असेल तर हे पॅपॅव्हरिनपेक्षा सरस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे बनवताना क्रम पाळा. आधी ३०० मिलिलिटर द्रव, त्यात व्हेरापामिल, मग नायट्रोग्लिसरीन, मग हेपारिन, आणि बायकार्बोनेट सगळ्यात शेवटी. व्हेरापामिल आम्लधर्मी द्रवातच नीट विरघळलेलं राहतं. घट्ट व्हेरापामिल आणि बायकार्बोनेट एका सिरिंजमध्ये भेटले तर तिथेच साका होतो. भरपूर द्रवात विरळ झाल्यावर ती भीती राहत नाही. आणि मात्रा ०.२ मिलिलिटर आहे, २ नाही. एक मिलिलिटरच्या सिरिंजनेच घ्या. मोठ्या सिरिंजवर ०.२ ची रेघ नजरेला सापडत नाही.

नायट्रोग्लिसरीनची आणखी एक खोड म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक ते शोषून घेतं. पीव्हीसीच्या पिशवीत सकाळी बनवून ठेवलेल्या द्रावणात दुपारपर्यंत औषध कमी झालेलं असू शकतं. काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या आणि गरजेच्या थोडं आधी ताजं बनवा.

इतर औषधांबद्दल थोडक्यात. डिल्टियाझेम आणि निकार्डिपिन ही व्हेरापामिलच्याच कुळातली, कॅल्शियम अडवणारी. मिलरिनोन पॅपॅव्हरिनच्या वाटेने जातं, पण जास्त नेमकं. सोडियम नायट्रोप्रुसाइड जोरदार आहे, पण उजेडात बिघडतं, म्हणून झाकून ठेवावं लागतं. फिनॉक्सिबेन्झामिन अल्फा रिसेप्टर कायमचे बंद करतं, त्यामुळे नॉरअ‍ॅड्रेनलिनमुळे येणाऱ्या स्पॅझमपासून ते कित्येक तास वाचवतं. मात्र एंडोथेलिन किंवा थ्रॉम्बोक्सेन या शरीरातल्याच दुसऱ्या रसायनांनी धमनी आखडली तर त्याचा उपयोग नाही.

शेवटी लेबल. वाटीवर आणि सिरिंजवर औषधाचं नाव, किती मिलिलिटरमध्ये किती, बनवल्याची वेळ. स्क्रब टेबलावर एका वेळी हेपारिन-सलाइन, साधं सलाइन आणि हे द्रावण अशा तीन-चार पारदर्शक वाट्या असतात, आणि सगळ्या पाण्यासारख्याच दिसतात. लेबल नसलेली वाटी ही रिकामी वाटी समजा.

लावताना

द्रावण ३७ अंशांच्या आसपास कोमट असावं. गार द्रावण म्हणजे एका हाताने आखडवणं आणि दुसऱ्याने सोडवणं.

मऊ गॉज द्रावणात पूर्ण भिजवा, हलकं पिळा, आणि धमनी त्यात लपेटून ठेवा. गॉज धमनीवर घासू नका, पीळ बसू देऊ नका. लपेटलेली धमनी फुप्फुसाच्या बाजूला, दिव्याच्या थेट उष्णतेत न येता ठेवा. गॉज सुकत चाललं की पुन्हा भिजवा. सुकलेलं गॉज धमनीला चिकटतं आणि सोडवताना तिलाच ओढतं. निदान १०-१५ मिनिटं हात लावू नका. नवशिक्यांना हेच सगळ्यात जड जातं. दर मिनिटाला उघडून बघायचा मोह होतो आणि प्रत्येक वेळी बोटं लागतात.

स्प्रे करायचा असेल तर सिरिंजला बारीक बोथट कॅन्युला लावून, धमनीपासून थोडं अंतर ठेवून हलकी धार सोडा. आवरणासकट काढलेल्या धमनीत काही जण आवरणाच्या आत औषध सोडतात. ते करायचंच तर बोथट सुईने आणि वरिष्ठ शेजारी असताना. अणकुचीदार सुई धमनीला टोचली, तर जी रक्ताची गाठ तयार होते ती कोणत्याच औषधाने जात नाही.

स्प्रे करण्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. छातीच्या पोकळीत सांडलेलं औषध शोषलं जातं आणि रक्तदाब उतरतो. त्यांना कल्पना नसेल तर ते दाब वाढवणारं औषध सुरू करतील, आणि तेच औषध रेडियलला आखडवेल. एक वाक्य बोलल्याने हे सगळं टळतं.

आतून औषध भरण्याबद्दल: लिमाच्या आत सिरिंजने दाबून काही घालू नका. हाताने दिलेला दाब सहज ३०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जातो आणि कळतही नाही. अस्तर उखडतं. रेडियल सुटी काढलेली असते म्हणून तिच्यातून द्रावण हलकेच वाहू द्यावं लागतं. तेव्हा दुसरं टोक उघडं ठेवा आणि प्लंजरवर बोटाचा नुसता भार द्या.

सुटली की नाही, कसं ओळखायचं

रंग परत गुलाबीसर होतो, धमनी भरते, टोकापर्यंत ठोका दिसतो. मग बुलडॉग क्लॅम्प, म्हणजे धमनी बंद ठेवणारा छोटा चिमटा, क्षणभर सोडून धार पाहा. धार पाहताना मॉनिटरवरचा रक्तदाबही पाहा. दाब ७० असताना आलेली बारीक धार आणि १२० असताना आलेली बारीक धार यांचा अर्थ एक नाही.

धार कमीच असेल तर लगेच आणखी औषध मागू नका. आधी शोधा. क्लॅम्प अर्धवट लागलेला आहे का? धमनीला पीळ बसलाय का? वरच्या बाजूला कुठे मुडपली आहे का? मग धमनीच्या भिंतीकडे जवळून, चांगल्या उजेडात पाहा. पांढरी आणि सारखी बारीक असेल तर स्पॅझम. पण भिंतीच्या आत निळसर-काळपट पट्टा किंवा फुगीर डाग दिसला, तर ती भिंत चिरलेली आहे, आत रक्त शिरलं आहे. तिथे वाट पाहणं चूक. तो भाग कापून वरचा निरोगी भाग घ्यायचा किंवा दुसरा ग्राफ्ट घ्यायचा, हा निर्णय सर्जनचा. पण डाग पहिल्यांदा तुम्हाला दिसला तर बोला. ज्युनिअर आहोत म्हणून गप्प राहू नका.

जोड पूर्ण झाल्यावर ट्रान्झिट टाइम फ्लो मीटर, म्हणजे ग्राफ्टमधला प्रवाह मोजायचं यंत्र, असेल तर आकडे घ्या. मिनिटाला २० मिलिलिटरपेक्षा कमी प्रवाह आणि ५ पेक्षा जास्त पल्सॅटिलिटी इंडेक्स (प्रवाहाच्या चढउताराचा आकडा) ही धोक्याची खूण मानतात. डाव्या बाजूच्या ग्राफ्टमध्ये प्रवाह मुख्यतः डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय सैल पडतं तेव्हा, वाहायला हवा, म्हणून आलेखाचा आकारही बघा. आकडे वाईट आले तर दाब नीट करा, मुडप शोधा, कोमट औषध लावा, थोडं थांबा आणि पुन्हा मोजा. तरीही तसेच राहिले तर दोष जोडात आहे असं समजून पुढे जायचं.

रेडियल वापरायची असेल तर

निवडीपासूनच काळजी सुरू होते. अ‍ॅलन चाचणीने (मनगटाच्या धमन्या दाबून-सोडून हाताचा रंग पाहायची) किंवा डॉपलरने हातातली दुसरी, म्हणजे अल्नर धमनी हाताला पुरेसं रक्त देते का ते पाहा. त्याच हातातून अँजिओग्राफी झालेली असेल तर ती रेडियल टाळा, कारण अस्तर आधीच दुखावलेलं असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पुढे डायलिसिससाठी ती लागू शकते.

आणि ज्या हृदयधमनीवर जोडायची तिचा अडथळा मोठा हवा. निदान ७० टक्के, आणि उजव्या बाजूला ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. अडथळा कमी असला की मूळ धमनीतूनही रक्त वाहत राहतं, ग्राफ्टमधला प्रवाह मंदावतो, आणि रेडियल आक्रसत आक्रसत दोऱ्यासारखी होते. हा स्पॅझम कुठल्याही वाटीतल्या औषधाने थांबत नाही.

काढल्यानंतर ती हेपारिनयुक्त रक्त आणि औषध यांच्या मिश्रणात, झाकलेल्या भांड्यात, जोडाची वेळ येईपर्यंत बुडवून ठेवा. नुसत्या सलाइनमध्ये ठेवू नका.

छाती बंद झाल्यावर

वाटीतलं औषध काही तासांत ओसरतं. स्पॅझमचा धोका ओसरत नाही. आयसीयूत रुग्णाला ऊब द्या. व्हेंटिलेटरवर श्वासांचा वेग जास्त ठेवून कार्बन डायऑक्साइड खाली नेऊ नका, कारण रक्त अल्कधर्मी झालं की हृदयधमन्याही आखडतात.

अचानक ईसीजीत एसटीचा भाग वर गेला, दाब उतरला, व्हेंट्रिक्युलर ठोके सुरू झाले, तर स्पॅझम मनात आणा आणि लगेच सर्जनला बोलवा. यात एक दुष्टचक्र असतं. स्पॅझममुळे दाब पडतो, दाबासाठी नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवतो, आणि त्याने स्पॅझम आणखी घट्ट होतो. दाब परवानगी देत असेल तर नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप आणि कॅल्शियम रोखणारं औषध, गरज पडल्यास बलून पंप, आणि वेळ न दवडता अँजिओग्राफी. तिथे ग्राफ्टच्या आत थेट औषध देता येतं, आणि दोष जोडाचा असेल तर तोही तिथेच कळतो.

रेडियल लावलेल्या रुग्णाला तोंडाने कॅल्शियम चॅनल ब्लॉकर पहिलं वर्षभर देणं योग्य, असं २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. डिस्चार्ज लिहिताना ही गोळी बीपीच्या गोळ्यांच्या रांगेत लिहून मोकळे होऊ नका. पुढच्या भेटीत बीपी नॉर्मल दिसलं की कुणीतरी ती बंद करतं. तिच्यासमोर स्वच्छ अक्षरात लिहा: रेडियल ग्राफ्टसाठी, सर्जनला विचारल्याशिवाय बंद करू नये.